काचेवरची टकटक

अंडी मिक्सरमुळे गेली नाहीत, माझ्यामुळे गेली. हे एवढं वाक्य मी त्याच दिवशी, त्याच घरात, हातात चहाचा कप असताना बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, "हो ना मावशी, मिक्सरने काच थरथरते." आणि हे मला कोणी विचारलंही नव्हतं.

आता नीट सांगतो.

मी फोटोग्राफर आहे. लालबागला छोटा स्टुडिओ आहे. पंचवीस वर्षं लग्नं, बारशी, साखरपुडे आणि पासपोर्ट फोटो यांवर घर चाललं. माशाचा फोटो त्यात कुठे बसत नाही. एकदा एका खानावळीच्या मेनूकार्डासाठी तळलेल्या पापलेटाचे काढले होते. तळलेलं पापलेट हलत नाही, आणि त्याच्या आणि आपल्या मध्ये काच नसते.

भारतीमावशी शीव कोळीवाड्यात राहतात. पस्तीस वर्षं दादरच्या मासळी बाजारात बसल्या. माझी आई दर रविवारी वरळीहून त्यांच्याकडेच यायची आणि मी पिशवी धरायला. पुढे मावशींचे गुडघे गेले, बाजार सुटला आणि घरी बसून करमेना म्हणून त्यांनी काचेच्या टाकीत मासे पाळायला घेतले. गल्लीतल्या बायका हसायच्या. "भारती, दोन कापून दे गो!" मावशींचं उत्तर ठरलेलं. "जन्मभर मेलेले विकले. आता जिते बघते."

त्यांच्याकडे एंजल माशांची एक जोडी आहे. तळहाताएवढे, चपटे, चंदेरी, अंगावर उभे काळे पट्टे. या जोडीची एक खोड आहे. मादी अंडी घालते, दोघं मिळून राखण करतात, पण काही कारणाने बिथरले की स्वतःचीच अंडी खाऊन टाकतात. मावशींची दोन वेळची अंडी अशीच गेली होती.

दादरला हौशी मासेपालकांचं एक मंडळ आहे. दरवर्षी एका शाळेच्या हॉलमध्ये त्यांचं प्रदर्शन भरतं. त्यात 'घरी जन्मलेले मासे' असा विभाग असतो. अट एकच, अंड्यांपासून पिल्लांपर्यंतचे फोटो लावायचे, स्वतःच्या टाकीतले. आदल्या वर्षी मावशींनी गप्पीची पिल्लं नेली होती, फोटोंशिवाय. तिथला एक सभासद सगळ्यांसमोर म्हणाला, "मावशी, मासे आणून विकायची तुम्हाला सवयच आहे. हेही कुठूनतरी आणले असतील." मावशी पिल्लं घेऊन घरी आल्या. वर्षभर ते वाक्य त्यांच्या घशात काट्यासारखं अडकलेलं होतं.

म्हणून त्या सकाळी फोन आला.

"संजू, अंडी टाकली. ये."

"मावशी, आज साखरपुडा आहे एक. उद्या आलो तर?"

"साखरपुडा मोडला तर परत होतो. ही दोघं जेवायला बसली तर काय करू?"

मी असिस्टंटला साखरपुड्याला पाठवलं आणि कोळीवाडा गाठला.

टाकी तीन फुटांची, बाहेरच्या खोलीत. मावशींनी आत शाळेची जुनी दगडी पाटी तिरकी उभी केली होती. त्या पाटीवर मोहरीपेक्षा बारीक, पारदर्शक अंडी ओळीने चिकटलेली. मादी पाटीजवळ, पण पाठ माझ्याकडे. मावशींची सून प्राजक्ता स्वयंपाकघरात होती. ती परळच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन आहे, त्या दिवशी तिची दुपारची ड्युटी होती. मावशी म्हणाल्या, "तू काढ, मी चहा टाकते," आणि आत गेल्या.

मी लग्नाचाच कॅमेरा आणला होता, वर फ्लॅश लावलेला. पहिला फोटो घेतला. काचेत फ्लॅशचा पांढरा गोळा आणि त्यामागे माझंच पोट. फ्लॅश बंद केला, तर मासा नुसती चंदेरी रेघ. पुन्हा फ्लॅश लावला. मादी वळेचना.

इथे मी ते केलं जे पंचवीस वर्षं केलं. बारशाला बाळ बघत नसलं की मी लेन्सचं झाकण कॅमेऱ्यावर वाजवतो. टक टक टक. बाळ बघतं, मी क्लिक करतो. तसंच मी डाव्या हातातलं झाकण टाकीच्या काचेवर वाजवलं. तीनदा. आणि तिसऱ्या टकटकीला फ्लॅशसकट क्लिक.

मादी वळली खरी. वळली, उसळली, पाटीवर आदळली. नर मागून धावला. मग दोघं पाटीकडे गेले आणि टिपायला लागले. मला वाटलं, अंडी साफ करतायत. तेवढ्यात आत मिक्सर सुरू झाला. प्राजक्ता वाटण करत होती.

मावशी चहा घेऊन आल्या तेव्हा अर्धी पाटी रिकामी होती.

"खाल्ली! खाल्ली रे मेल्यांनी!" त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि आत वळून ओरडल्या, "मिक्सर कोनी लावला?"

"मीच. वाटण नको का?" प्राजक्ता दारात आली. "आई, रोजच तर लावते."

"रोज अंडी असतात?"

त्या दोघींच्या मध्ये मी उभा होतो. झाकण अजून माझ्या मुठीत होतं. आणि मी ते वाक्य बोललो. काच थरथरते.

प्राजक्ता आत गेली. तिने मिक्सरचा प्लग काढून ठेवला. तो प्लग काढल्याचा आवाज मला चहाच्या शेवटच्या घोटापर्यंत ऐकू येत होता.

मावशींचं मन मोठं. जाताना त्याच मला समजावत होत्या. "दोन आठवड्यांत परत टाकतात. प्रदर्शनाला वेळ हाय. पण संजू, या वेळेला गेली तर यंदा नाय रे."

जिना उतरताना ठरवलं, या दोन आठवड्यांत माशाचा फोटो काढायला शिकायचं. खरं सांगायचं तर ते सोपं होतं. दुसरं काम अवघड होतं, ते मी पुढे ढकललं.

सराव कुठे करायचा? माझा चाळीतला मित्र विलास दातांचा डॉक्टर आहे. लालबागलाच त्याचा दवाखाना आहे आणि वेटिंग रूममध्ये टाकी आहे. तिच्यात दोन एंजल, चार गोल्डफिश. मी दुपारी कॅमेरा घेऊन तिथे जायला लागलो.

"काय रे," विलास पहिल्याच दिवशी म्हणाला, "लग्नात दोनशे माणसं एका फ्रेममध्ये घेतोस. माझा एक मासा येत नाही तुला?"

"दोनशे माणसं थांबतात रे, सांगितलं की."

"मग याला सांग. थांब म्हणावं, पुढच्या वेळी दात फुकट."

कॅमेऱ्याचं गणित मी खिडकीवर समजावून सांगतो. अ‍ॅपर्चर म्हणजे खिडकी किती रुंद उघडली. शटर स्पीड म्हणजे ती किती वेळ उघडी ठेवली. आयएसओ म्हणजे आत बसलेल्या माणसाची नजर किती तेज केली. खिडकी फार वेळ उघडी राहिली तर हलणाऱ्या माशाची रेघ होते. फार रुंद उघडली तर डोळा स्पष्ट येतो आणि शेपटी धुरकट. आयएसओ फार चढवला तर फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. तिन्ही एकमेकांशी भांडतात. लग्नात मी हे भांडण फ्लॅशने मिटवायचो. आता फ्लॅशचं नाव काढायचं नव्हतं. मासे जराही बिथरायला नकोत अशी मावशींची ताकीद होती, आणि ते कशाने बिथरतात हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

पहिले दोन दिवस काचेत फक्त मी आणि रांगेत बसलेले पेशंट दिसत होते. तिसऱ्या दिवशी एक बाई दाढ काढून बसल्या होत्या, तोंडात कापसाचा बोळा. त्यांनी मला अर्धा तास बघितलं. मग बोळा एका गालात सरकवून म्हणाल्या, "घरी टीव्हीवर उजेड पडला की आपण पडदे ओढतो. तुम्ही ओढा की."

मी पडदे ओढले. ट्यूब बंद केली. फक्त टाकीचा दिवा. माझं पोट काचेतून गायब! पंचवीस वर्षांच्या अनुभवाला जे सुचलं नाही ते दाढ काढलेल्या बाईंना सुचलं. दुसऱ्या दिवशी मी काळं कापड आणलं आणि कॅमेऱ्यासकट त्यात शिरलो. विलास पेशंटना सांगायचा, "घाबरू नका, तो आमचाच आहे."

मग एकेक गोष्ट उलगडायला लागली आणि मला घरी जाववेना. काचेकडे तिरकं बघितलं की मासा पुसट येतो, कारण काच आणि पाणी प्रकाश वाकवतात. म्हणून लेन्स काचेला अगदी सरळ समोर हवी. माशाच्या मागे कॅमेरा पळवायचा नाही. एक जागा ठरवायची, तिथे हाताने फोकस लावून ठेवायचा आणि मासा तिथे येईपर्यंत थांबायचं. तो येतोच. माशांचेही ठरलेले रस्ते असतात.

रोज संध्याकाळी मी फोटो मावशींना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचो. त्यांचा व्हॉइस मेसेज यायचा.

"हा शिळा."

"मावशी, जिवंत आहे तो!"

"डोळा बघ त्याचा. भुरकट. गिऱ्हाइकाने परत दिला असता. अंगाला हात नको लावूस, डोळा बघ."

मासळी बाजारात बाई आधी माशाचा डोळा बघते. डोळा चकचकीत तर मासा ताजा. मावशी माझे फोटो तसेच तपासत होत्या. पुस्तकात लिहिलेलं असतं, फोकस डोळ्यावर ठेवा. ते मी हजार वेळा वाचलं होतं. कळलं ते आता. मग रोजचा निकाल यायचा. "हा कालचा." "हा बर्फातला." "ह्याला मांजर खाईल." आणि नवव्या दिवशी एका एंजलच्या फोटोवर, "हा... हा चालंल." मी दवाखान्यातच ओरडलो. आत विलासच्या हातातून आरसा पडला.

एक भूत तेवढं राहिलं होतं. एंजलच्या अंगावर पट्टे उभे असतात. माझ्या फोटोंत आडवेही यायला लागले, अख्ख्या टाकीभर, काळपट. दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी दोष दिव्याचा निघाला. साधा एलईडी आपल्याला सलग दिसतो, पण तो सेकंदाला शंभर वेळा मिचकतो. मी शटर फार घाईचं ठेवलं होतं, त्यामुळे मिचकण्याच्या मधला अंधार पकडला जात होता. शटर एक शतांश सेकंदावर आणलं. पट्टे गेले. पण एवढ्या सावकाश शटरमध्ये माशाचे पर हलतात, ते पुसट यायला लागले. मला वाटलं, हा दोष आता असाच राहणार.

मधल्या काळात एकदा कोळीवाड्यात गेलो होतो, जास्तीचा एक एलईडी दिवा मावशींच्या टाकीवर लावायला. माशांना उजेडाची सवय आधीपासून झालेली बरी. जिन्यात प्राजक्ता भेटली. हातात डबा, त्यात भाजलेलं खोबरं आणि कांदा.

"कुठे?"

"खालच्या काकूंकडे. वाटण तिथेच करते हल्ली. आमचा मिक्सर माळ्यावर गेला." ती हसली. "मला वाटत होतं, आवाजानं काय होतंय. पण तुम्ही म्हणालात तेव्हा पटलं. तुमचं रोजचं काम काचेचं आणि लेन्सचं."

मी "हं" म्हणालो. ड्युटीआधी ही मुलगी रोज दोन जिने खाली उतरत होती, माझ्या एका वाक्यासाठी. ती खाली गेली, मी वर गेलो. दिवा लावला. वर बोलायला तोंड होतं, पण ते मी दिव्याची वायर कुठून घ्यायची यावर वापरलं.

तेराव्या दिवशी फोन वाजला. "संजू! टाकली!"

टॅक्सीत मी सेटिंग पाठ करत होतो. ड्रायव्हरने आरशातून दोनदा बघितलं.

खिडकीला चादर लावली. ट्रायपॉड टाकीसमोर सरळ उभा केला. अ‍ॅपर्चर ५.६, शटर एक शतांश, आयएसओ १६००. फोकस पाटीच्या कडेजवळ, जिथे राखण करणारा मासा उभा राहतो. मी काळ्या कापडात शिरलो. कापड सारखं घसरत होतं.

"द्या, मी धरते," प्राजक्ता म्हणाली. तिची ड्युटी तासाभरात होती. तिने दोन्ही हात वर करून कापड धरलं आणि तशीच उभी राहिली.

मी काचेला बोटही लावलं नाही. श्वाससुद्धा जपून. मादी आली आणि गेली. मग नर आला, पाटीसमोर थांबला आणि छातीजवळचे दोन पर हलवायला लागला, अंड्यांवर ताजं पाणी ढकलत. उन्हाळ्यात बाळाला वारा घालतात तसं. मी क्लिक केलं. क्लिक, क्लिक, क्लिक.

स्क्रीनवर बघितलं. डोळा चकचकीत, त्यात पाटीची कड दिसत होती. मागे अंड्यांचा एकेक मणी सुटा. आणि पर पुसट. ज्याला मी दोष समजत होतो तेच पुसटपण वारा घालत होतं! घाईच्या शटरने ते पर गोठवले असते तर तो नुसता पाटीजवळचा मासा झाला असता. आता तो बाप दिसत होता.

"आला! मावशी, आला!" मी कापडातूनच कुजबुजत ओरडलो.

मावशी खुर्चीवरून उठल्या, चष्मा लावला, फोटो मोठा केला, थेट डोळ्यापर्यंत.

"हा ताजा," त्या म्हणाल्या. मग प्राजक्ताला म्हणाल्या, "बघितलंस? आता हात खाली कर गो, दुखले असतील."

तिसऱ्या दिवशी अंड्यांना शेपट्या फुटल्या. मी गेलो. आठवड्याने पिल्लं सुटी होऊन पोहायला लागली, आईबापांभोवती ढगासारखी. मी पुन्हा गेलो. तेव्हा क्लोजअपची लेन्स भाड्याने आणली होती. प्रत्येक वेळी घरून निघताना ठरवायचो, आज सांगायचं. प्रत्येक वेळी मासे इतके सुंदर दिसायचे की मी स्वतःला सांगायचो, आज नको, आज आनंदाचा दिवस आहे. चूक लपवायला आनंदही चालतो, हे मला त्या महिन्यात कळलं.

प्रदर्शनाच्या दिवशी शाळेचा हॉल भरलेला. मावशींच्या टाकीत चाळीसेक पिल्लं, नखाएवढी, पण पट्ट्यांसकट पुरी एंजल. वर माझे सहा फोटो क्रमाने. गेल्या वर्षीचा तो सभासद आला. पहिल्या फोटोपासून शेवटपर्यंत गेला, पुन्हा पहिल्यावर आला. दगडी पाटी फोटोत होती तीच टाकीत होती.

"मावशी," तो म्हणाला, "मागच्या वर्षी मी जरा जास्तच बोललो."

"बोल्लास खरा," मावशी म्हणाल्या. "आता पिल्लं मोज."

लोक जमले. कोणीतरी विचारलं, यांनी अंडी खाल्ली नाहीत ती कशी? आमची तर दरवेळी जातात. मावशी रंगात आल्या होत्या.

"मिक्सर!" त्यांनी बोट वर केलं. "आमची सून टाकीपाशी मिक्सर लावायची. काच थरथरते. तो माळ्यावर टाकला आनि बघा."

लोक हसले. सगळ्यांनी प्राजक्ताकडे बघितलं. एका गृहस्थांनी मोबाइलमध्ये लिहूनही घेतलं, टाकीजवळ मिक्सर नको. प्राजक्ता पण हसली, पायांकडे बघत.

आमच्या धंद्यात खराब फोटो सगळ्यात आधी डिलीट करतात. एक मी केला नव्हता. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. मी मोबाइल काढला, तो फोटो उघडला आणि मावशींसमोर धरला.

त्यांनी सवयीने आधी डोळा बघितला. "हा तर शिळा." मग फोटो सरकवला. फ्लॅशचा पांढरा गोळा, उसळलेली मादी, मागे अंड्यांनी भरलेली पाटी. आणि कोपऱ्यात काचेला टेकलेली तीन बोटं आणि लेन्सचं काळं झाकण.

"ही बोटं कोनाची?"

"माझी."

"काचेवर काय करतात?"

"टकटक. बारशाला बाळाला बोलावतो ना, तसं. तीनदा वाजवलं. मासे घाबरले आणि खायला लागले. मिक्सर त्यानंतर लागला मावशी. मला माहीत होतं."

ज्या गृहस्थांनी लिहून घेतलं होतं त्यांनी मोबाइल हळूच खिशात घातला.

"आनि तू मला बोल्लास, काच थरथरते?"

"हो."

मावशींनी मोबाइल परत दिला. "मग माज्याकडे काय बघतोस? दोन जिने मी नव्हते उतरत."

मी वळलो. तिच्यापेक्षा मी वीस वर्षांनी मोठा आहे. मोबाइल खिशात टाकून मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"प्राजक्ता, अंडी मी घालवली आणि नाव तुझं लागू दिलं. तू माझ्यासाठी कापड धरून उभी होतीस तेव्हाही बोललो नाही. चूक माझी आहे, तुझी कधीच नव्हती. मला माफ कर. आज संध्याकाळी मी घरी येतो आणि मिक्सर माळ्यावरून मीच खाली काढतो."